जाऊबाईंच्या माहेरचं गवत

माझ्या सासरी घोडे होते. लग्न ठरलं तेव्हा सायखेड्याला आमच्या भावकीतल्या बायकांना त्याचं फार अप्रूप वाटलं. घोडे म्हणजे टांग्याचे घोडे, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि मलाही ते नाशिकला आल्यावरच कळलं. पंचवटीत पेठ नाक्याच्या अलीकडे एका गल्लीच्या टोकाला आमचं घर होतं. पुढे ओटा, मध्ये दोन खोल्या, मागे पत्र्याचा तबेला आणि तबेल्याला लागून गवताची खोली. ही गवताची खोली आमच्या राहत्या खोल्यांपेक्षा मोठी होती आणि कोरडीही. पावसाळ्यात आमच्या अंथरुणावर गळायचं, गवतावर कधी गळलं नाही. सासरे आधी तिथले पत्रे बदलायचे, मग आमचे.

सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. घरात सासरे, थोरले दीर, जाऊबाई, त्यांच्या लहान मुली, माझे यजमान आणि मी. टांगे दोन. एक पांढरी घोडी होती, ती लग्नसराईत नवरदेवासाठीही जायची, आणि एक तांबडा घोडा होता. दोघेही भाऊ सकाळी टांगे जोडून बाहेर पडायचे, यात्रेकरूंना स्टेशनवरून आणायचे, गंगेवर सोडायचे, पुन्हा नेऊन घालायचे. सासऱ्यांचे डोळे अधू झाल्यामुळे त्यांनी टांगा सोडला होता. चारापाणी मात्र त्यांच्याकडेच होतं, आणि मी आल्यावर ते माझ्याकडे आलं. त्याचं कारण माझी हुशारी वगैरे काही नव्हतं. जाऊबाईंना गवताच्या धुळीनं शिंका यायच्या, डोळे लाल व्हायचे. म्हणून ते काम धाकटीला.

मी शेतकऱ्याची मुलगी. गुरांचं सगळं करून आले होते, त्यामुळे मला वाटलं, यात काय शिकायचं? पहिल्याच आठवड्यात मी तळाचं जरा काळपट पडलेलं गवत तांबड्यापुढे टाकलं. आमच्याकडे असला कडबा बैल मुकाट खायचे. सासरे काठी टेकत आले, खाली बसले, गव्हाणीतली मूठभर काडी उचलून नाकाशी नेली आणि सगळं गवत बाहेर फेकून दिलं. मला वाटलं, आता काठी माझ्या पाठीत बसते.

"बैल खाल्लेलं परत तोंडात आणतो," ते म्हणाले. "घोड्याचं तसं नाय. घोड्याला ओकता बी येत नाय. एकदा गिळलं का गिळलं. मग ते तरतं नायतर मरतं. ध्यानात ठेव."

एवढं बोलून ते गेले. मायेनं जवळ बसवून शिकवणारा माणूस तो नव्हता. चुकलं की ओरडायचे, बरोबर आलं की गप्प बसायचे. त्यांच्या गप्प बसण्यावरूनच मी शिकत गेले.

दिवाळीनंतर पेठ-हरसूलच्या डोंगराकडून गवताच्या बैलगाड्या नाक्यावर येऊन लागायच्या. सासरे मला बरोबर न्यायचे. गाडीवरची वरची पेंढी ते कधी बघत नसत. वरचं गवत दाखवायला ठेवलेलं असतं, ते चांगलंच असणार. ते मला गाडीच्या पोटात हात घालायला लावायचे, कोपरापर्यंत. आत ऊब लागली तर ती गाडी सोडायची. गवत ओलं असताना बांधलं की ते आतल्या आत तापतं, आणि तापलेलं गवत बाहेरून कितीही पिवळंधमक दिसलं तरी आत बुरशी धरतं. ऊब लागली नाही तर आतली पेंढी ओढून काढायची. काड्या सुट्या झाल्या पाहिजेत. एकमेकींना चिकटून पापुद्र्यासारख्या निघाल्या तर गेलं. काडी मोडून बघायची. कडकन मोडली पाहिजे, पण हातात चुरा होता कामा नये. मग पेंढी उन्हाकडे धरून गुडघ्यावर आपटायची. मातीची धूळ असेल तर ती खाली पडते. बुरशीची भुकटी खाली पडत नाही, धुरासारखी हवेत तरंगत राहते आणि घशात खवखवते. कुसळं धरलेलं गवतही नको, त्यानं घोड्याच्या हिरड्यांना जखमा होतात. त्या वर्षांत गाजरगवत सगळीकडे पसरायला लागलं होतं, तेही पेंढ्यांत कापलेलं यायचं. तेही बघून काढायचं.

आणि शेवटी वास. चांगल्या गवताला उन्हात वाळलेल्या कपड्यांसारखा, जरासा गोड वास असतो. खराब गवताला ओल्या पोत्याचा वास येतो. सांगायला हे सोपं आहे, पण गाडीवाला शेजारी उभा राहून बडबडत असतो, उन्हाचा ताप असतो, आणि पहिल्या दोन-तीन गाड्यांनंतर नाकाला काहीच कळेनासं होतं. तेव्हा सासरे मला बाजूला नेऊन नुसतं उभं करायचे. थोडा वेळ गेला की म्हणायचे, "हां, आता बघ."

एकदा मी विचारलं होतं, घोड्यालाच का कळत नाही? नको असेल तर तो तोंड फिरवेल. ते म्हणाले, दिवसभर टांगा ओढून आलेलं जनावर तोंड फिरवत नाही. त्याच्यापुढे टाकाल ते ते खातं, कारण टाकणाऱ्यावर त्याचा भरवसा असतो.

हळूहळू त्यांचे डोळे अगदीच गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ऑपरेशनला ते तयार नव्हते. नाक्यावर मात्र त्यांचा मान तसाच होता. इतर टांगेवाले आपापल्या गाड्या त्यांना दाखवायला बोलवायचे. मग मी डोक्यावर पदर घेऊन गाडीत हात घालायची, काडी मोडायची, वास घ्यायची आणि त्यांच्या कानाशी हळूच सांगायची. ते मूठभर काड्या नाकाशी धरून, मान हलवून मोठ्यानं म्हणायचे, "नको घेऊ ही," किंवा "घे, चांगलंय." माणसं म्हणायची, म्हाताऱ्याचे डोळे गेले पण नाक शाबूत आहे. जुन्या सर्दीनं त्यांना त्या काळात कसलाच वास येत नव्हता, हे मला माहीत होतं. घरी येताना ते एवढंच म्हणायचे की घरात काही बोलू नकोस. मी बोलले नाही. सुनेनं सासऱ्याचा मान राखायचा असतो, एवढं माझ्या आईनं मला शिकवलं होतं.

एका उन्हाळ्यात ते गेले. आजारी होते तेव्हा दोन्ही मुलं उशाशी बसायची, तबेल्याबद्दल, टांग्यांबद्दल, गल्लीतल्या जागेच्या वादाबद्दल बोलणं व्हायचं. मी दाराशी पाणी घेऊन उभी असायची. गवत हिला दाखवल्याशिवाय घेऊ नका, एवढं एक वाक्य त्यांनी मुलांना सांगायला हवं होतं. त्यांना ते सुचलं नाही असं मी म्हणणार नाही. मी दाराशी आहे हे त्यांना पावलांवरून कळायचं, एकदा त्यांनी माझ्या दिशेनं मान वळवलीही होती. पण मुलांसमोर ते म्हणाले असते तर नाक्यावरचं इतक्या वर्षांचं सगळं उघडं पडलं असतं. ते गुपित त्यांनी आपल्याबरोबरच नेलं.

त्यांच्यानंतर घर थोरल्या दिरांच्या हातात आलं. ते तसे वाईट माणूस नव्हते, असं पूर्वी मी म्हणायची. आता म्हणत नाही. त्यांना चारचौघांत मोठं दिसायची हौस होती आणि तेव्हा मोठं दिसण्यासारखं काही उरलं नव्हतं. शहरात रिक्षा आल्या होत्या. बसस्टँडबाहेर रिक्षांची रांग लागायची आणि टांगे पलीकडे सरकत सरकत रस्त्याच्या कडेला गेले होते. यात्रेकरूही घाईत असायचे. दीर संध्याकाळी ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला आपल्या सासरच्या माणसांच्या गोष्टी सांगायचे. जाऊबाईंचं माहेर दिंडोरीकडचं. त्यांच्या भावाची तिथे चांगली शेती होती, द्राक्षं लावली होती, ट्रॅक्टर घेतला होता.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला. सलग आणि जोराचा. कापून पडलेलं गवत जागोजाग भिजलं. नाक्यावर गाड्या कमी आल्या, आणि ज्या आल्या त्या बघायला दीर मला घेऊन गेले नाहीत. बायकांनी नाक्यावर उभं राहायचे दिवस संपले, असं त्यांनी माझ्या यजमानांना सांगितलं. दिवाळी झाल्यावर दोघे भाऊ जाऊबाईंच्या माहेरी गेले आणि दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरला जोडलेली गवताची ट्रॉली घेऊनच परत आले. गल्लीत ट्रॅक्टर वळेना. सगळी गल्ली बाहेर आली. दीर ट्रॉलीवर उभे राहून पेंढ्या खाली टाकत होते आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होते, माझ्या मेव्हण्यानं वर्षभराचा चारा पाठवला. जाऊबाई दारात उभ्या होत्या. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा नव्या नवरीसारखा दिसत होता. मला ते अजून दिसतं.

गवत आत रचायचं काम माझ्याकडे आणि माझ्या यजमानांकडे. दुसरीच पेंढी उचलली आणि माझ्या हाताला ती जड लागली. मी मधली एक ओढून काढली. वरून पिवळी, आत राखाडी. काड्या थरांनी चिकटलेल्या. मी ती आपटली तर मागच्या दाराच्या उन्हात पांढरा धूर उभा राहिला आणि मला ठसका लागला. मी यजमानांना म्हटलं, हे बघा. त्यांनी पेंढी घेतली, नाकाशी नेली आणि पुन्हा माझ्या हातात दिली.

"वास आहे," ते म्हणाले.

"मग सांगा ना त्यांना."

ते पुढची पेंढी उचलून रचायला लागले.

आमच्या घरात थोरल्या दिरांनी धाकट्या भावजयीशी थेट बोलायची रीत नव्हती. काही सांगायचं असलं की ते जाऊबाईंना किंवा भिंतीला सांगायचे आणि मी ते ऐकायचं. मीही तसंच करायचं. त्या संध्याकाळी मी ते केलं नाही. ते ओट्यावर चहा घेत होते, तिथे जाऊन मी सरळ त्यांनाच म्हणाले, "भाऊजी, गवत आत खराब झालंय. घोड्यांना घालू नका. तबेल्यात खाली अंथरायला वापरू."

त्यांनी कप खाली ठेवला. माझ्याकडे न बघता जाऊबाईंना म्हणाले, "ऐकलंस? तुझ्या भावानं एवढं पाठवलं, ते हिला घोड्याच्या पायाखाली घालायचंय. मुतायला."

जाऊबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या मला म्हणाल्या, माझ्या माहेरचं काही आलं की तुला खुपतंच. मी म्हटलं, तसं नाही हो, हात लावून तर बघा. त्या म्हणाल्या, मला शिंका येतात हे तुला माहीत आहे. दीर म्हणाले, म्हातारा गेला तसा घरात आता सगळ्यांनाच गवतातलं कळायला लागलं. मी यजमानांकडे बघितलं. ते दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. वास आहे, एवढे दोनच शब्द त्यांनी थोरल्या भावासमोर म्हणायचे होते.

पुढे मी जमेल ते केलं. रोज पेंढ्या सोडून मागच्या अंगणात उन्हात पसरायची, झटकायची, त्यातल्या त्यात बऱ्या काड्या वेचायची. पण बुरशी धरलेलं गवत वाळवून चांगलं होत नाही, हे मला ठाऊक होतं. आणि दीर बघायचे. त्यांना वाटायचं, गल्लीला दाखवण्यासाठी मी ते बाहेर पसरते. एक दिवस त्यांनी सगळं गोळा करून आत टाकलं आणि संध्याकाळचा चारा स्वतः घालायला लागले. वेचलेलं नाही, भरभरून. तांबडा खोकायला लागला. आधी टांगा जोडताना, मग उभ्याउभ्याही. मी जाऊबाईंमार्फत निरोप पाठवला की निदान पाणी मारून, भिजवून घाला, भुकटी तरी छातीत जाणार नाही. तो निरोप त्यांनी दिला की नाही, मला माहीत नाही.

एका सकाळी पांढरीनं तोंडाला काही लावलं नाही. पुढच्या पायानं जमीन उकरत होती आणि मान वळवून सारखी आपल्या कुशीकडे बघत होती. मला बघताच कळलं. यजमानांनी तिला बाहेर काढून गल्लीत फिरवायला सुरुवात केली, कारण पोटात कळ आलेली घोडी खाली बसून लोळायला लागली की आतडं पिळवटतं. ती घामानं चिंब झाली होती. दोनदा ती बसली आणि दोन्ही वेळा आम्ही सगळ्यांनी ओढून उभी केली. दीर जनावरांच्या दवाखान्यातून डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घालून तेल पाजलं, पोटाला कान लावला. मग हात धुताना त्यांनी विचारलं, काय खायला घातलं होतं?

मी बोलणार होते. पण दीर माझ्याआधी बोलले.

"गवत तर नेहमीचंच," ते म्हणाले. "काल धाकट्याच्या बायकोनं भिजवलेले हरभरे जास्त घातले."

मी आदल्या दिवशी हरभरे घातलेच नव्हते. हरभऱ्याचा डबा जाऊबाईंच्या खोलीत असायचा. मी यजमानांकडे बघितलं. त्यांच्या हातात पांढरीचा लगाम होता आणि ते तिची आयाळ बोटांनी सारखी करत होते. डॉक्टर म्हणाले, असं करत जाऊ नका, हरभरे फुगतात. ते माझ्याकडे बघून म्हणाले. मी म्हटलं, गवत बघा, आत ठेवलंय. पण तेवढ्यात घोडी पुन्हा खाली बसली आणि सगळे तिकडे धावले.

दुपारी ती गेली. गल्लीत, नळाच्या कट्ट्याजवळ. ज्या घोडीवर गल्लीतल्या कितीतरी नवरदेवांची वरात निघाली होती, तिला बघायला सगळी माणसं जमली होती. पालिकेची गाडी आली तेव्हा दीर मोठ्यानं रडले. ते रडणं खोटं नव्हतं. पण त्या रडण्यातही ते म्हणत होते, हरभऱ्यानं घात केला माझा.

दोन दिवसांनी ते सगळं गवत उकिरड्यावर गेलं. भर दुपारी गल्ली निवांत असताना दोघा भावांनी ते नेऊन टाकलं आणि नाक्यावरून दुसरं आणलं. मी बघत होते. गवत खराब होतं हे त्यांना मान्य होतं, फक्त ते तोंडानं म्हणायचं नव्हतं. हरभऱ्याचं नाव मात्र माझ्यावर राहिलं. नळावर गेले की बायकांचं बोलणं थांबायचं. ओट्यावर नवा पाहुणा आला की दीर पांढरीची गोष्ट सांगायचे, आणि ती दर वेळी थोडी वाढायची. हरभरे किती होते, ते वाढत जायचं. सायखेड्यालाही ते पोचलं. आई भेटायला आली तेव्हा मला स्वयंपाकघरात नेऊन तिनं हळूच विचारलं, खरंच गं, तुझ्या हातून झालं? तिनं विचारलं याचं मला जितकं लागलं, तितकं दिरांच्या खोट्याचंही लागलं नव्हतं.

तांबड्याचा खोकला गेला नाही. छातीत भरलेलं ते तसंच राहिलं. जरा चढ आला की तो धापा टाकायचा, नाकपुड्या फुगायच्या, कुशी आत-बाहेर व्हायची. पुढच्या वर्षी दिरांनी टांगे बंद करून रिक्षा घ्यायचं ठरवलं आणि तांबड्याला गिऱ्हाईक बघितलं. नांदगावकडचा एक म्हातारासा माणूस आला. त्याचा तिकडे अजून टांगा चालत होता. दिरांनी त्याला ओट्यावर बसवून चहा दिला. घोडा सकाळपासून उभाच ठेवला होता, त्यामुळे धाप सहज दिसत नव्हती. दीर सांगत होते, याला कधी औषधाचा थेंब लागला नाही.

मी चहाचे कप उचलायला आले होते. मी कप उचलले आणि म्हणाले, "बाबा, त्याला धाप आहे. खराब गवत खाऊन झालीय. त्याच गवतानं आमची घोडी मेली."

दिरांनी भिंतीकडे बघितलं, पण या वेळी भिंतीला सांगण्यासारखंही त्यांना काही सुचलं नसावं. तो माणूस उठला, तांबड्याजवळ गेला, त्याच्या कुशीवर हात ठेवून उभा राहिला.

"मला आल्याबरोबरच कळलं होतं, बाई," तो म्हणाला. "कूस बघितली मी. माझ्याकडं काम लय हलकं हाय. गवत भिजवून घालीन."

आणि तो त्याला घेऊन गेला. मी बोलले नसते तरी त्यानं नेलाच असता. तांबड्याचं बरंच झालं असेल, अशी मी आशा करते. माझ्या बोलण्यानं फक्त आमचं घर फुटलं. दिरांनी त्याच संध्याकाळी यजमानांना सांगितलं, वेगळं बिऱ्हाड कर. माझे यजमान खोलीत येऊन खाटेवर बसले.

"तुला बोलायची काय गरज होती?" ते म्हणाले.

"मला नव्हती," मी म्हटलं. "तुम्हाला होती."

आम्ही इंदिरानगरला गेलो. तेव्हा तिकडे वस्ती विरळ होती, घरांच्या मधे अजून शेतं होती. एका खोलीत संसार मांडला. यजमान अंबडच्या एका कारखान्यात माल चढवायच्या कामाला लागले, पुढे तिथेच कायम झाले. मी एका बालवाडीत मदतनीस म्हणून जायला लागले. घरात जनावर नाही, चारा नाही. शेताकडून गवत कापल्याचा वास आला की मी खिडकी लावून घ्यायची. सणावाराला पंचवटीत जाणं व्हायचं, पाया पडणं व्हायचं. दीर रिक्षा चालवत होते. त्यांच्या केसांना मेंदी लागली होती.

काही वर्षांनी जाऊबाईंच्या थोरल्या मुलीचं लग्न झालं. मंगल कार्यालयात पंगती उठल्यावर जाऊबाईंचे भाऊ, म्हणजे नवरीचे मामा, आम्ही बायका बसलो होतो तिथे येऊन टेकले. सरळ, गप्पिष्ट माणूस. बाहेर नवरदेवाची घोडी उभी होती, तिच्यावरून बोलणं निघालं. ते मला म्हणाले, तुमच्याकडेही पांढरी घोडी होती ना, ताई? मी हो म्हटलं.

"त्या वर्षी मी गवत पाठवलं होतं तुमच्याकडे," ते म्हणाले. "पावसानं पार झोडपलेलं होतं. दाजी म्हणाले, द्या. मी म्हटलं, न्या, पण तबेल्यात खाली अंथरायला. तोंडाला लावू नका. माझ्या बैलांनासुद्धा मी ते घातलं नव्हतं."

ते हसत हसत सांगत होते. त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी जाऊबाईंकडे बघितलं. त्यांनी पदराचं टोक हातात घेतलं होतं आणि त्याची घडी घालत होत्या. मग कोणीतरी हाक मारल्यासारखं करून त्या उठून गेल्या. कोणी हाक मारली नव्हती.

मी त्यांच्या भावाला म्हणाले, "दादा, ते गवत घोडीला खायला घातलं. ती त्यानंच मेली. लोकांना सांगितलं, हरभरे घालून मी मारली."

त्यांचं हसू गेलं. मग त्यांनी मांडवाकडे बघितलं, तिथे दीर फेटा बांधून व्याह्यांच्या शेजारी उभे होते.

"आज लग्न आहे, ताई," ते हळूच म्हणाले, आणि उठले.

परत येताना आम्ही रिक्षात होतो. मी यजमानांना विचारलं, गवत अंथरायला दिलंय हे तुम्हाला माहीत होतं? ट्रॉली भरायला तुम्हीही गेला होतात.

"माहीत होतं," ते म्हणाले. "मी तिथंच उभा होतो."

"मग इतकी वर्षं?"

"दादा होते," ते म्हणाले. "दादांच्या तोंडावर कसं बोलायचं?"

म्हणजे मी ओट्यावर जाऊन, अंथरायला वापरू, असं म्हणाले होते, तेव्हा त्या ओट्यावर दोन माणसं अशी होती, ज्यांना मी अगदी खरं बोलते आहे हे ठाऊक होतं. एकानं माझी अब्रू काढली आणि दुसरा चौकटीला टेकून उभा राहिला. डॉक्टरांसमोरही. आई विचारायला आली तेव्हाही. इंदिरानगरच्या त्या एका खोलीत, जिथे तिसरं माणूस नव्हतं आणि कोणाच्या तोंडावर बोलायचं भय नव्हतं, तिथेसुद्धा त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

त्यानंतर मी भांडले नाही, माहेरी गेले नाही, अबोलाही धरला नाही. वेळेवर डबा देते, दुखलंखुपलं बघते, भाजीत मीठ कमी आहे का विचारते. लोक म्हणतात, दोघांचं छान आहे, कधी आवाज ऐकू येत नाही. पण माझ्या मनातली एकही गोष्ट मी त्या दिवसापासून त्यांना सांगितलेली नाही. हे त्यांच्या लक्षात आलंय का, हे मी विचारलं नाही, आणि विचारणारही नाही.